माळ घातल्यानंतर घरावर आघात झाला तर

माळ घातल्यावर वर्षाच्या आत घरात मृत्यू झाला, म्हणजे आपल्याच भक्तीत काही उणे राहिले, असे मनाशी धरू नका. पूर्वकर्माचा हिशेब मांडायला येणाऱ्यांना (ते येतातच) चहापाणी करून वाटेला लावा. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यानंतर त्यांनी देहूचे भंगलेले देऊळ दुरुस्त करायला घेतले आणि अभंगांतून विठ्ठलाशी उघड भांडणही मांडले. तुम्हीही खुशाल भांडा. मात्र संध्याकाळचा हरिपाठ मोडू नका; शब्द ओठांवर येत नसतील तर टाळ घेऊन मागच्या ओळीत नुसते उभे राहा, तेवढे दिवस म्हणण्याचे काम बाकीची मंडळी करतील.