फादरांना विचारून ठरवू नकोस

बाळा,

तुझा मेसेज वाचला, परत वाचला आणि खरं सांगू, थोडा रागच आला. शेवटी लिहिलंयस ना, "अंकल, मी नक्की कोणाच्या बाजूने असायला पाहिजे ते तुम्हीच सांगा", त्याचा. नाही सांगणार. फॅमिली ग्रुपवर मावशी रोज बायबलमधलं उत्पत्ती 12:3 टाकते, इस्राएलला आशीर्वाद देईल त्याला देव आशीर्वाद देईल म्हणून, कॉलेजच्या मैत्रिणी गाझातल्या पोरांचे फोटो टाकतात, युवा ग्रुपमध्ये तू विषय काढलास तर "राजकारण चर्चच्या बाहेर" म्हणून गप्प बसवलं, हे सगळं समजलं. पण मावशीकडे नाही ठेवला तो विवेक तू आता माझ्याकडे गहाण ठेवायला निघालीस. कोणाकडेच ठेवू नकोस. एवढंच सांगायचंय मला, आणि हेच मी पुन्हा पुन्हा सांगणार, कंटाळलीस तरी.

(राजकारण बाहेर म्हणे! वसईत राहून बोलतायत हे. फादर दिब्रिटो हरित वसईसाठी, पाण्यासाठी, जमिनीसाठी रस्त्यावर उतरले ते काय भजन होतं?)

ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावात फ्रान्झ येगरश्टेटर नावाचा शेतकरी होता, गावच्या चर्चची साफसफाई, देखभालही तोच बघायचा. 1938 ला हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, त्यावर मतदान झालं, तर अख्ख्या गावात विरोधात मत याचं एकट्याचं. पुढे फौजेत बोलावलं तर म्हणाला, हिटलरसाठी हत्यार उचलणार नाही. गावचे पाद्री म्हणाले बायकोपोरींकडे बघ. मग हा लिंझच्या बिशपांना जाऊन भेटला, त्यांनी सांगितलं की युद्ध न्यायाचं आहे का हे ठरवणं तुझं काम नाही, तू घरच्यांचं बघ. विचार कर, बिशप! आपण असतो तर सुटलो म्हणून घरी आलो असतो, बिशपच बोलले, आता पाप त्यांच्या डोक्यावर. तो तरीही नाही म्हणाला. 9 ऑगस्ट 1943 ला ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद केला. मागे बायको आणि मुली, गावाने बोल लावला तो बायकोलाच, आणि विधवेची पेन्शन तिला 1950 पर्यंत मिळाली नाही. 2007 ला चर्चने त्याला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं तेव्हा ती म्हातारी तिथे हजर होती. आपण ही गोष्ट सांगतो तेव्हा बिशपांचा भाग हळूच गाळतो. मला तर तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आता तीच तारीख, दोन वर्षांनी. 9 ऑगस्ट 1945, नागासाकी. उराकामीचं कॅथेड्रल स्फोटाच्या जागेपासून साधारण 500 मीटरवर, आत पापनिवेदन चालू होतं. जपानमधली सगळ्यात मोठी कॅथलिक वस्ती ती, शेकडो वर्षं लपूनछपून श्रद्धा टिकवलेल्या लोकांची, आणि तिच्यावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचा पायलटही कॅथलिक. त्या विमानाच्या तुकडीचे चॅप्लेन, म्हणजे फौजेतले पाद्री, होते फादर जॉर्ज झाबेल्का. नंतर ते जाहीरपणे सांगत राहिले की नागरिकांना मारण्याविरुद्ध आपण एकही प्रवचन केलं नाही. सगळ्यांनी आपापला विवेक वरच्याकडे जमा केला होता, वरच्याने त्याच्या वरच्याकडे.

आणि आता कोणीतरी तुला रोमकरांस 13 दाखवेल, सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा म्हणून. दाखवणाऱ्याला सांग, एक पान मागे जा. 12:20, शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाल. पौलाने सलग लिहिलेलं पत्र आहे ते, अध्यायांचे आकडे हजार वर्षांनी कोणीतरी घातले. अर्धं पान वाचून देशभक्ती शिकवणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय.

माझं म्हणशील तर 1999 ला कारगिल चालू होतं तेव्हा मिस्सेत वाचायच्या प्रार्थनांमध्ये मी "दोन्हीकडच्या मेलेल्या पोरांसाठी" असं लिहिलं आणि तसंच वाचलं. बायकोचा भाऊ फौजेत होता. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं ते कायमचं, तो गेला तेव्हाही आमचं बोलणं नव्हतं. सलतं गं. पण ते वाक्य खोडशील का विचारलंस तर नाही, आजही नाही. आणि त्याच युद्धात टायगर हिलवर आपल्या ब्रिगेडियरने शत्रूच्या एका कॅप्टनच्या खिशात तो किती शौर्याने लढला याची चिठ्ठी ठेवून त्याचा देह परत पाठवला, ते कॅप्टन शेर खान, पाकिस्तानने त्याला सर्वोच्च शौर्यपदक दिलं. म्हणजे समोर उभं राहून गोळ्या झेलणाऱ्यांना जे जमलं ते आपल्याला पंख्याखाली बाकावर बसून जमेना! हे मी स्वतःला बरोबर ठरवायला सांगतोय असं वाटेल तुला. वाटू दे.

सैनिक वाईट, युद्ध कधीच नको, असं मी म्हणत नाहीये. 7 ऑक्टोबर 2023 ला इस्राएलमध्ये साधारण 1200 माणसं मारली त्यांच्यासाठी रडायचं की गाझातल्या पोरांसाठी, हा प्रश्नच मला कळत नाही. पोप फ्रान्सिस गाझाच्या होली फॅमिली चर्चमध्ये जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करायचे, आणि ओलिसांच्या घरच्यांनाही भेटले, पॅलेस्टिनी कुटुंबांनाही. पण पोपनी केलं म्हणून तू करू नकोस, नाहीतर परत तेच झालं, गहाण. स्वतः वाच, दोन्हीकडचं वाच, आणि जे तुझ्या बाजूच्या लोकांना आवडणार नाही तिथे जास्त वेळ थांब.

मावशीला ग्रुपवर उत्तर देऊ नकोस. घरी जा तिच्या, चहा घे, 12:3 सोबत मत्तय 5:44, शत्रूंवर प्रीती करा ते, तिलाच मोठ्याने वाचायला लाव, आणि मग तिचंही ऐकून घे, तिला कसली भीती वाटते ते. पुढच्या महिन्यात युवा ग्रुपच्या मिस्सेच्या प्रार्थना तूच लिहिणार आहेस ना? लिहून झाल्या की तपासायला मला पाठवशील, तुझी सवय मला माहितीये. पाठवू नकोस.

तुझा अंकल