वाचकांचे प्रश्न : निरोप नेमका कोणाचा?

प्रश्न : आमच्या घरी पूर्वी दोन मराठी वर्तमानपत्रे येत असत. आता मुले-सुना मोबाईलवरच बातम्या पाहतात आणि मलाही तीच सवय लागली आहे. गेल्या निवडणुकीत मतदानाच्या आदल्या रात्री गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला की, यादीत नाव नसले तरी आधार कार्ड दाखवून ‘चॅलेंज व्होट’ मागता येते. शेजारच्या वहिनी त्या भरवशावर शेतातले काम टाकून केंद्रावर गेल्या आणि मत न देताच परतल्या. परदेशातूनही निवडणुकांत ढवळाढवळ होते असे ऐकतो. विश्वास ठेवायचा तरी कशावर?
— एक निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका (जि. बेळगाव)

उत्तर : गुरुजी, तो निरोप खोटा होता, पण नियमातला एक खरा शब्द उचलून तो रचलेला असल्यामुळे भल्याभल्यांना पटला. आक्षेप, म्हणजेच ‘चॅलेंज’, मतदाराने घ्यायचा नसतो. समोरच्या व्यक्तीच्या ओळखीविषयी शंका आल्यास केंद्रावर बसलेला उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी दोन रुपये अनामत भरून तो घेतो. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर ओळख पटवल्यावर प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे स्वतंत्र कागदी मतपत्रिका, मिळते. यादीत नावच नसेल, तर मात्र कोणतेही ओळखपत्र कामी येत नाही.

परदेशी ढवळाढवळीचे आपण ऐकले ते खरे आहे, आणि तिची रीत आपण सीमाभागातल्या माणसांनी फार लक्षपूर्वक पाहावी असे मला वाटते. मे 2016 मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात एका इस्लामी केंद्रासमोर दोन परस्परविरोधी जमाव एकाच दिवशी उभे राहिले. एकाला बोलावणारे फेसबुक पान टेक्सासच्या अभिमानाचे होते, दुसऱ्याला बोलावणारे मुस्लिमांच्या एकजुटीचे, आणि ही दोन्ही पाने रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील एकच संस्था चालवत होती, हे पुढच्या वर्षी अमेरिकी सिनेटच्या चौकशीत उघड झाले. त्या संस्थेने भांडण नव्याने निर्माण केले नाही. जे होते त्यालाच फुंकर घातली.

आपल्याकडे महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाची 1956 पासूनची ठसठस आहेच. डिसेंबर 2022 मध्ये सीमाप्रश्न चिघळला, तेव्हा दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांसोबतच्या बैठकीनंतर केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनीच सांगितले होते की, मोठ्या नेत्यांच्या नावाने उघडलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी वातावरण बिघडवण्यास हातभार लावला. त्यामागे परदेशी हात होता असे मी म्हणत नाही; तशी गरजही नसते.

इथे आणखी एक अडचण आहे, जिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. प्रशासनाची सूचना कन्नडमध्ये निघते आणि आपल्यापर्यंत पोहोचतो तो तिच्याखाली कोणीतरी मराठीत लिहिलेला ‘अर्थ’. भाषणाच्या चित्रफितीचेही तसेच. मी स्वतः कन्नड अक्षरे जुळवून सावकाश वाचतो, म्हणून अशी चित्रफीत आली की आधी शाळेत कन्नड शिकणाऱ्या पुतणीला ऐकवतो, आणि वरचा मजकूर व आतले बोलणे वेगळे असल्याचे तिने मला एकदा नव्हे, अनेकदा दाखवून दिले आहे. आपल्या घरातही असे एखादे मूल असेलच. त्याला विचारण्यात कमीपणा मानू नये. त्यामुळे मराठीवरचे आपले प्रेमही उणावत नाही.

निरोपावर दोन बाणांची खूण असेल, तर तो किमान पाच हातांतून फिरून आलेला असतो. एप्रिल 2020 पासून असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पुढे धाडता येतो, पण ती मर्यादा वेग कमी करते, खरेखोटे ठरवत नाही. वर्तमानपत्रही चुकते, पैसे घेऊन बातमी छापल्याची उदाहरणेही आहेत. तरीही त्यावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात, जाब विचारायला पत्ता असतो. घरी एक वर्तमानपत्र पुन्हा घ्यायला सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवतो.

वहिनींचे काम मात्र आजच करण्याजोगे आहे. निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता त्यांनी नाव नोंदणीचा नमुना 6 भरून गावातील बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) द्यावा, पोच घ्यावी आणि नवी यादी लागली की त्यात आपले नाव स्वतः पाहावे. शंका आल्यास 1950 हा मतदार मदतवाहिनीचा क्रमांक आहे. अर्ज भरताना आपण शेजारी बसलात, तर त्यांना मोठा आधार होईल.