तुमचा मॅप आणि पायथनचा मॅप

प्रश्न: पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना मी मॅप (यादीतल्या प्रत्येक गोष्टीवर एक फंक्शन चालवणारा), फिल्टर (हव्या तेवढ्याच गोष्टी ठेवणारा), रिड्यूस (सगळ्यांचं मिळून एकच उत्तर काढणारा) आणि कंपोझ (फंक्शन एकापुढे एक जोडणारा) स्वतः लिहून बघितले. मित्र म्हणतो, रेडीमेड असताना कशाला वेळ घालवतेस? शिवाय एक कोडं सुटत नाहीये. पायथनच्या मॅपने जे दिलं त्याची एकदा लिस्ट केली की दुसऱ्यांदा रिकामी लिस्ट येते, माझ्या मॅपचं तसं होत नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर: काहीच चुकत नाहीये, आणि वेळ तर अजिबात वाया गेलेला नाही, कारण स्वतः लिहिलं नसतं तर हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसता. तुमच्या मॅपमध्ये बहुतेक रिकामी लिस्ट, फॉर लूप, अपेंड (लिस्टच्या शेवटी उत्तर जोडणं) आणि शेवटी रिटर्न असणार, म्हणजे सगळं काम आधीच उरकून तयार लिस्ट हातात. पायथनचा मॅपही पूर्वी लिस्टच द्यायचा, पण 2008 मध्ये पायथन 3 आलं तेव्हापासून तो इटरेटर देतो, म्हणजे मागाल तेव्हा एकेक उत्तर काढून देणार आणि दिलेलं परत देणार नाही. खात्री करायची तर मॅपला द्यायच्या फंक्शनमध्ये एक प्रिंट टाका आणि नुसता मॅप कॉल करा, त्या प्रिंटमधलं काहीच स्क्रीनवर येणार नाही!

आता तुमच्या मॅपमधलं अपेंड काढून तिथे यील्ड (एक उत्तर देऊन पुढचं मागेपर्यंत थांबणारा शब्द) लिहा, लिस्ट आणि रिटर्न उडवा. दुसऱ्यांदा रिकामी लिस्ट आता तुमच्याकडेही येईल. मग त्याला पायथनच्या इटरटूल्स या तयार मोड्यूलमधला काउंट द्या, जो आकडे मोजत राहतो आणि कधी संपतच नाही, आणि तिथल्याच आयस्लाइसने पहिली पाच उत्तरं घ्या. मस्त चालतं. जुना लिस्टवाला मॅप इथे मेमरी भरेपर्यंत फिरत बसला असता, मागेपर्यंत काम न करण्याच्या आळशीपणाचा फायदा हा असा दिसतो.

मित्राचं एका बाबतीत बरोबर आहे, रोजच्या कामाच्या कोडमध्ये रेडीमेडच वापरा. रिड्यूस तर पायथन 3 मध्ये फंकटूल्स या वेगळ्या मोड्यूलमध्ये हलवलाय कारण बहुतेक वेळा साधा फॉर लूपच वाचायला सोपा पडतो, आणि नुसती बेरीज असेल तर सम हे फंक्शन आहेच. पण कंपोझसाठी मला स्वतःला रिड्यूस फार आवडतो, दोन फंक्शन जोडायचा एक लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) दिला की दहासुद्धा जोडली जातात, फक्त सुरुवातीची व्हॅल्यू म्हणून जे येईल तेच परत देणारं फंक्शन द्यायला विसरू नका. तुमच्या कंपोझला एकही फंक्शन न देता कॉल करून बघा, टाइपएरर (पायथनचा चुकीचा संदेश दाखवणारा एरर) आला तर नेमकं तेच राहिलंय.