ठेकेदार तीन, छप्पर एक

कामाच्या जागी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे, वडिलांच्या वेळचा. या उन्हाळ्यात जुने सिमेंटचे पत्रे काढून नवे टाकायचे आहेत, त्यावर सोलर बसवायचं आहे आणि मागच्या बाजूला शेड वाढवायची म्हणून फॅब्रिकेशनचं काम निघालं आहे. तीन कामं, तीन ठेकेदार. ऑर्डर हातात असल्यामुळे माग बंद ठेवणं परवडत नाही. तिघांकडूनही ‘आमच्या माणसांची जबाबदारी आमची’ असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलंय. एवढं पुरेसं आहे ना?

उत्तर : नाही भाऊ, पुरेसं नाही. पत्रेवाल्याच्या हातून नटबोल्ट सुटून खाली मागावर उभ्या असलेल्या तुमच्या विणकराच्या डोक्यात पडला, तर तो कागद काय करणार? 1948 च्या कारखाना कायद्याने कामगारांच्या सुरक्षिततेचा भार कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर टाकला होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेतही तो मालकावरच आहे. स्टॅम्पपेपर करून तो दुसऱ्याच्या खांद्यावर देता येत नाही. ठेकेदाराचा विमा, ईएसआय, माणसांची नावं हे सगळं बघाच, त्याशिवाय गेटच्या आत कोणाला घेऊ नका. पण माणूस वाचतो तो या कागदांच्या आधी घेतलेल्या काळजीमुळे.

मी गिरणीत आणि नंतर प्रोसेस हाऊसमध्ये सुरक्षा अधिकारी होतो. तुमच्यासारखी कामं बरीच पाहिली. पत्रेवाल्याला पत्र्याचं कळतं, सोलरवाल्याला सोलरचं, वेल्डरला वेल्डिंगचं. एकाचं काम दुसऱ्याच्या कामाला कुठे आडवं जातंय, हे तिघांपैकी कोणालाच दिसत नाही, कारण ते बघणं कोणाच्याच ठेक्यात नसतं. ते तुम्हाला बघावं लागेल, किंवा तुमचा एक माणूस त्यासाठी मोकळा ठेवावा लागेल.

पहिली गोष्ट छपराची. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलेल असं कधीही धरू नका. बोल्टच्या ओळीवरून चाललं की काही होत नाही, असं जुने कारागीरसुद्धा छातीठोक सांगतात. ते खरं नाही. पत्र्यावर आडव्या फळ्या, पक्क्या आधाराला अडकवलेला दोर आणि पट्टा, खाली जाळी, हे तिन्ही हवं. त्यात आपल्याकडे आणखी एक धोका आहे. उजेडासाठी मध्येमध्ये फायबरचे पारदर्शक पत्रे घातलेले असतात आणि उन्हाळ्यात आपण सगळ्या छपराला चुना मारतो. चुन्याखाली फायबर कुठला आणि सिमेंट कुठला, वरून ओळखू येत नाही. तुम्हाला ते माहीत आहे, कारण खालून तुम्ही रोज बघता. बाहेरून आलेल्या सोलरच्या पोराला कुठून कळणार? काम सुरू व्हायच्या आधी खालून बघून वर प्रत्येक फायबर पत्र्याभोवती लाल रंगाचा पट्टा मारून घ्या. हे तुम्हीच करायचं, ठेकेदारावर सोपवायचं नाही. आणि या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते फोडून खाली टाकू नका, ग्राइंडरने कापू नका. पाणी मारून, ओले ठेवून, अखंड उतरवा. ती धूळ तुमच्या मागवाल्यांच्या छातीत जाते.

आता उन्हाचं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की अकरानंतर सोलापुरात पत्र्यावर हात टेकवत नाही. साहजिकच तिघेही सकाळी सहाला येऊन वर चढायला बघतात आणि सगळी गर्दी त्याच चार-पाच तासांत होते. पत्रेवाला पुढे बोल्ट काढत जातो आणि सोलरवाला मागून त्याच पत्र्यावर पाय ठेवतो. म्हणून सकाळ वाटून द्या. छपराच्या ज्या गाळ्यावर, म्हणजे दोन खांबांमधल्या भागावर, पत्रेवाला असेल, त्या गाळ्यावर दुसरं कोणी नाही आणि त्याच्या खालचे माग त्या दिवशी बंद. सगळा कारखाना बंद ठेवायला मी सांगत नाही. गाळ्यागाळ्याने करा, ऑर्डरही निघेल. सोलरवाल्याने तोवर सांगाडा खाली सावलीत जोडावा.

सोलरचं एक लक्षात ठेवा. मेन स्विच पाडला की सगळं बंद झालं, असं पत्रेवाला आणि वेल्डर धरून चालतात. उजेड पडला की पॅनेल वीज तयार करतच राहतं. मेन बंद असला तरी पॅनेलपासून निघालेल्या तारा जिवंत असतात. पॅनेल चढायच्या आधी पत्र्यांचं आणि त्या बाजूच्या वेल्डिंगचं काम पूर्ण संपवा. इतर लाइनवर काम असेल तेव्हा ‘भाऊ, लाइन बंद केलीय का?’ असं फोनवर विचारून भागत नाही. जो काम करतोय त्याचं स्वतःचं कुलूप स्विचला आणि किल्ली त्याच्या खिशात. दोन ठेकेदारांची माणसं असतील तर दोन कुलपं. जनरेटरलाही तोच नियम.

वेल्डिंगबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ठिणगी पस्तीस फुटांपर्यंत सहज जाते आणि तुमच्या छपराच्या लोखंडी कैच्यांवर, ट्यूबलाइटवर, भिंतीच्या कडांवर वर्षानुवर्षांची रुई बसलेली असणार. 18 मे 2025 च्या पहाटे याच एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागून 8 माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या आगीच्या कारणाबद्दल मी बोलत नाही. सूत पेटल्यावर आत अडकलेल्या माणसाला किती थोडा वेळ मिळतो, एवढंच सांगतोय. वेल्डरला परवानगी रोजची रोज, जागा दाखवून, लेखी द्या. त्या जागेभोवतीची रुई झाडून, सुताचे कोन आणि टॉवेलचे गठ्ठे हलवून, जमीन ओली करून घ्या. वेल्डर संध्याकाळी साडेपाचला सामान आवरून जातो आणि रुई आत धुमसत राहते, म्हणून काम थांबल्यावर निदान एक तास पाणी आणि अग्निशामक घेऊन तुमचा माणूस तिथे बसला पाहिजे. पत्रेवाल्याने उतरवलेला माल मागच्या दारासमोर रचला जातोय का, तेही बघा. ठेकेदाराला ती मोकळी जागा वाटते, तुमच्या माणसांना तो बाहेर पडायचा रस्ता असतो.

हे सगळं जुळवायचं कसं? रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं. तिघांचे मुकादम, तुमचा जॉबर (मागांवर देखरेख करणारा) आणि तुम्ही. ठेकेदार फोनवर असून उपयोग नाही, उद्या जो माणसं लावणार आहे तोच समोर हवा. गेटजवळच्या भिंतीवर खडूने कारखान्याचा नकाशा काढा आणि उद्या कोण कुठे, वरून काय पडू शकतं, कुठली लाइन बंद, कुठले माग बंद, ते त्यावर लिहा. तुमचे मागवाले घरी तेलुगू बोलणारे असतील, हेल्पर कन्नड, फिटर हिंदी. लिहिलेलं सगळ्यांना वाचता येणार नाही, म्हणून सकाळी प्रत्येक मुकादमाने आपल्या माणसांना त्यांच्या भाषेत ते सांगायचं आणि हात धरून जागा दाखवायची. माग चालू असताना हाक ऐकू येत नाही, तेव्हा शेडमध्ये एक लाल दिवा लावा. तो लागला की सगळ्यांनी थांबायचं. त्याचं बटण दाबायचा अधिकार जॉबरलाही द्या आणि त्याने दाबलं तर ‘काम का थांबवलंस’ म्हणून चारचौघांत त्याला बोलू नका. एकदा बोललात की पुन्हा कोणी दाबणार नाही.

प्रश्न : मी जुळे सोलापुरातल्या एका बांधकामावर साफसफाईला बायका पुरवते. लिफ्टच्या खड्ड्यासमोरचा कठडा टाइल्सवाले सामान चढवायला काढतात आणि तसाच ठेवून जातात. बोललं तर म्हणतात, ‘आमचं काम टाइल्सचं.’ बिल्डर म्हणतो, ‘तुम्ही आपसात बघा.’ आम्ही काय करायचं?

उत्तर : ताई, आपसात बघायची ही गोष्टच नाही. कठडा ज्याने काढला त्याने तिथून हलायच्या आधी लावायचा, आणि तो लावला गेला की नाही हे बिल्डरच्या साइट इंजिनिअरने बघायचं. कठडा नसलेल्या मजल्यावर बायकांना पाठवू नका. ‘आज चौथा मजला झाडला नाही, लिफ्टचा खड्डा उघडा आहे’ असा निरोप फोटोसकट, वेळेसकट इंजिनिअरला आणि बिल्डरला दोघांनाही पाठवा. तोंडी सांगितलेलं नंतर कोणी मान्य करत नाही. केर भरलेलं घमेलं डोक्यावर असताना पायाखालचं दिसत नाही आणि खड्ड्यावर नुसता प्लायवूड टाकलेला असेल तर तो उचलून बाजूला ठेवायला बाई नेमकी त्या खड्ड्यावरच जाते. झाकण असेल तर ते पक्कं ठोकलेलं आणि वर ‘खाली खड्डा’ लिहिलेलं हवं.

आणखी एक विचारतो. तुमच्या बायकांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का? वय 18 ते 60 आणि वर्षात 90 दिवस काम असेल तर होते. त्या 90 दिवसांचा दाखला तुम्ही स्वतः द्यायचा आहे. या आठवड्यातच द्या.

प्रश्न : आमच्या डाइंगच्या सांडपाण्याच्या टाकीतला गाळ काढायला बाहेरचा ठेकेदार येणार आहे. सकाळी झाकण उघडून ठेवलं की दुपारी उतरायला हरकत नाही, असं तो म्हणतो.

उत्तर : हरकत आहे. झाकण उघडल्याने तळाचा विषारी वायू जात नाही, गाळ ढवळला की तो नव्याने सुटतो. वास येत नाही म्हणजे वायू नाही असंही नाही, कारण हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वास कळेनासाच होतो. शक्य असेल तर माणूस उतरवूच नका, बाहेरून पंपाने ओढा. उतरवावंच लागलं तर ब्लोअर, वायूमापक, अंगाला पट्टा आणि वर ओढायची तिकाटी. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. वर एक माणूस कायम उभा हवा, आणि आतला कोसळला तरी त्याने आत उडी मारायची नाही. अशा टाक्यांत वाचवायला गेलेलेही जातात.

ठेकेदाराला माहीत नसणार अशी एक गोष्ट तुमच्या डाइंग मास्तरला माहीत आहे. काळ्या रंगासाठी सल्फर डाय वापरत असाल, तर त्याच्या पाण्यात ॲसिडचं पाणी मिसळलं की हाच वायू तयार होतो. टाकीत माणूस असताना वरून कोणी रंगाचा बाथ (वापरलेलं पाणी) सोडला तर ब्लोअर पुरा पडणार नाही. तेव्हा टाकीकडे येणारा प्रत्येक व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप घाला आणि किल्ल्या टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात द्या. शेवटचा माणूस वर आला, त्याला डोळ्यांनी पाहिलं, की मगच त्याने त्या मास्तरला परत करायच्या.