वाचक विचारतात: ट्रॉलीच्या जॅकवर लाकूडफोडी यंत्र

प्रश्न: भंगारात ट्रॉलीचा जॅक मिळालाय. लाकूड फोडायचं आडवं यंत्र होईल का? – एक वाचक, खानापूर

उत्तर: नाही होणार, दादा. हा जॅक एकेरी. तेलानं वर चढतो, ट्रॉलीच्या वजनानं खाली येतो. आडवा ठेवलात तर दांडा बाहेरच राहील. बेळगावच्या उद्यमबागेकडं भंगारात जुन्या जेसीबीचा दुहेरी जॅक शोधा, म्हणजे तेलानंच बाहेर जाणारा आणि तेलानंच आत येणारा. आतून 100 मिमी व्यास, 150 बार दाब म्हणजे साधारण 12 टन जोर. जांभळाचा गाठाळ ओंडकाही फुटतो.

रिलीफ व्हॉल्व्हशिवाय (दाब फार वाढला की तेल परत टाकीत सोडणारी झडप) पंप फिरवू नका, हात जोडून सांगतो. माझ्या पहिल्या यंत्राच्या जुन्या पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. पुढं धरलेला पुठ्ठा तेलाच्या धारेनं चिरला. गळती बोटानं चाचपू नका. तेल कातडीत घुसलं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठा.