अप्रकाशित काम परिषदेत मांडावे का?

प्रश्न : मी जैववैद्यकीय प्रयोगशाळेत पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परिषदेसाठी पोस्टर पाठव, असे मार्गदर्शक सांगतात. परंतु अप्रकाशित कामातली कल्पना कोणी उचलेल, अशी धास्ती वाटते. काय करावे?

उत्तर : तुमची धास्ती अगदीच अनाठायी नाही. 1931 मध्ये सुरू झालेल्या गॉर्डन संशोधन परिषदांमध्ये अप्रकाशित काम मोकळेपणाने मांडता यावे, म्हणूनच भाषणांची व पोस्टरची छायाचित्रे घेण्यास मनाई असते. सर्वच परिषदांना असा नियम नसतो, तेव्हा नियमावली आधी वाचावी. कामात पेटंटयोग्य काही असेल, तर पोस्टर लावण्यापूर्वीच अर्ज दाखल झालेला असावा. युरोपात भिंतीवरचे पोस्टरही जाहीर प्रकटीकरण ठरते आणि नावीन्याचा दावा तिथेच संपतो. एरवी बायोआर्काइव्ह या जीवशास्त्राच्या ऑनलाइन संग्रहावर प्रीप्रिंट, म्हणजे नियतकालिकात छापून येण्यापूर्वीचा शोधनिबंध, टाकल्यास तुमच्या कामावर तारखेची मोहोर उमटते.

त्याआधी पोस्टर प्रयोगशाळेच्या साप्ताहिक बैठकीत दाखवा. वेस्टर्न ब्लॉट या प्रथिने ओळखण्याच्या चाचणीच्या चित्रात प्रथिनाचा पट्टा ठळक दिसतो, पण त्याखाली तुलनेसाठी लागणारा ॲक्टिन या प्रथिनाचा नियंत्रण-पट्टाच नाही, हे मागच्या रांगेतला एखादा अबोल सहकारी दोन मिनिटांत हेरतो. हीच चूक परिषदेत परीक्षकाने दाखवली, तर उरलेला तासभर पोस्टरशेजारी उभे राहणे फार जड जाते. (माझा स्वानुभव आहे.) आणि खरे सांगायचे तर, कल्पना चोरीला जाण्यापेक्षा पोस्टरपाशी कोणीच न थांबण्याचा प्रसंग कितीतरी अधिक वेळा येतो.