राज्यसत्तेच्या हिंसेत नदी, जंगल, प्राणी यांनाही 'पीडित' मानता येतं का?

हो, आणि मानायलाच हवं. कोलंबियात सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या शांतता करारातून उभ्या राहिलेल्या न्यायालयाने २०१९ मध्ये अवा आदिवासींच्या 'कात्सा सू' या भूमीलाच सशस्त्र संघर्षातली पीडित ठरवलं.

मला हे पटतं, कारण वसाहतवाद्यांनी माणूस आणि निसर्ग यांना वेगवेगळं मारलंच नाही. उत्तर अमेरिकेत कोट्यवधी बायसन, म्हणजे गव्यासारखी रानटी जनावरं, होती. एकोणिसावं शतक संपेपर्यंत रानात काहीशेच उरले. कातडी सोलून धडं माळावर सडायला सोडली, पुढे हाडं वेचून खतासाठी दळली. तिथल्या मैदानी आदिवासी जमातींचं अन्न, तंबू, पांघरूण सगळं याच जनावरावर अवलंबून, आणि लष्करी अधिकाऱ्यांना ते पक्कं ठाऊक होतं!

न्यूझीलंडच्या व्हांगानुई नदीत आगबोटींना वाट करून देण्यासाठी तिथल्या मूळ रहिवासी माओरींचे वाम मासे धरायचे लाकडी बांध पाडले गेले. त्यांचा लढा १८७३ पासूनचा; २०१७ च्या कायद्याने नदी कायदेशीर व्यक्ती झाली, म्हणजे तिला माणसासारखे हक्क मिळाले. तिच्या वतीने बोलायला दोघं नेमतात, एक सरकारकडून, एक माओरींकडून. फक्त हा दर्जा म्हणजे पूर्ण न्याय नव्हे. तिच्या उगमाकडचं बरंचसं पाणी आजही वीजप्रकल्पाकडे वळवलं जातं.